नऊ झाडांची नीळ

गेल्या आठवड्यात आमच्या भोरच्या कॉलेजमागच्या कुंपणाची झुडपं छाटली. छाटलेला पाला शिपायानं भिंतीशी ढीग करून ठेवला आणि मग चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी ऊन पडलं तसा त्या ढिगातून असा काही वास सुटला, की प्रयोगशाळेतल्या मुलींनी पटापटा खिडक्या लावून घेतल्या. मी मात्र खिडकीशी जाऊन उभी राहिले. "मॅडम, नाक तरी धरा," एक जण म्हणाली. तिला काय सांगणार! हिरवा पाला पाण्यात कुजतानाचा तो आंबूस, उग्र वास आला, की मला मार्गासनीचं मामीचं अंगण दिसतं आणि एक सबंध पावसाळा परत अंगावर येतो.

नीळ घाण मारते. हे आधीच सांगून टाकते, कारण नीळ म्हटलं की लोकांना आकाश, मोरपीस असलं काहीबाही आठवायला लागतं. मलाही तेव्हा तेच आठवायचं. पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते मी. दरवर्षी फळ्यावर नीळ येते: शेंगवर्गीय झुडूप, संयुक्त पानं, गुलाबी फुलं, पानांपासून रंग. चार ओळी, दोन मार्क. हिर्डोशीच्या वर, वरंध्याच्या अंगाला मुलांना घेऊन जाते, तेव्हा कातळाच्या कडेला याच्याच गोतातली रानटी झुडपं दाखवते. पण ज्याच्यापासून खरा रंग निघतो ते झाड मी कधी जिवंत पाहिलेलं नव्हतं आणि त्याची मला काडीची लाज नव्हती. चार ओळी येत होत्या की!

माझी एक जुनी मैत्रीण लग्न होऊन तिकडे दक्षिणेत गेली. तिच्या गावाकडं अजून नीळ पेरतात. ती एका उन्हाळ्यात आली तेव्हा माझ्यासाठी मूठभर वाळक्या शेंगा घेऊन आली. तपकिरी, दोन पेरांएवढ्या, जराशा वाकलेल्या. आतलं बी मोहरीएवढं, पण गोल नाही, चारी बाजूंनी ठोकून बसवल्यासारखं. मी थोड्या शेंगा कॉलेजच्या कुंड्यांसाठी ठेवल्या आणि बाकीच्या बुद्धपौर्णिमेला मामीकडे घेऊन गेले. मनात म्हटलं, तिला झाडाझुडपांची हौस आहे, लावील बांधावर.

मामी म्हणजे माझ्या आईच्या भावाची बायको, गयाबाई. सत्तरीला आलेली, अंगानं काटकी, बोलणं मात्र खणखणीत. मी शेंगा तिच्या ओंजळीत दिल्या आणि म्हटलं, "मामी, ही नीळ. याच्यातनं निळा रंग निघतो." ती शेंगांकडे बघत राहिली. मग तिनं त्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि तशीच विहारात आली.

त्या दिवशी विहारात निळ्या झेंड्याचा विषय निघाला. आधीच्या झेंड्याचा रंग पार राखाडी झाला होता. महिला मंडळाच्या सुमनबाई म्हणाल्या, पुण्यातनं नवा आणू, चांगला चमकदार मिळतो. तेवढ्यात आमची मामी उठून उभी राहिली. "औंदा इकत नगं. वर्षावास सरंल तवा, आश्विन पुनवंला, झेंडा माझ्या रानातल्या निळीचा लागंल."

सगळ्याजणी हसल्या. सुमनबाई म्हणाल्या, "गया, निळीचं झाड बघितलंस का कदी?"

"बगीन की आता," मामी म्हणाली.

परत येताना मी तिला म्हटलं, अगं, मूठभर शेंगा आणि तू सगळ्यांसमोर शब्द काय देऊन बसलीस! तर ती रस्त्यातच थांबली. "शोभे, आपला रंग, आपला रंग म्हनून आमी ऊर फुगवतो. अन् त्यो रंग कुटनं येतो त्ये म्हाईत न्हाई, मीटरवर मोजून आनायचा. मला एकदा तरी हातानं करून बघायचाय." तिचे डोळे असे चमकत होते, की मी तिच्या पदराची गाठ आणखी एकदा घट्ट आवळून दिली.

आता आमच्याकडच्या वैशाखाचं सांगायला हवं. भाताचं रोप टाकायची जागा आम्ही आधी भाजून घेतो, त्याला राब म्हणतात. शेण, तोडलेल्या फांद्या, गवत, पाचोळा यांचे थर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. त्या दिवसांत घरातली काडीसुद्धा वाया जात नाही. झाडलेला केर, फाटकी टोपली, सगळं राबात. मामीची सून रेखा, कामाला वाघीण. तिनं पावसाआधीची घरझाड काढली. खुंटीवरच्या सुपात मामीनं ठेवलेल्या वाळक्या वाकड्या शेंगा दिसल्या. तिला वाटलं, कसलीतरी जुनी टरफलं. तिनं सूप राबावर झटकलं, आणि दुसऱ्या दिवशी मामांनी राब पेटवला.

मला कळलं ते फोनवर, रेखाकडून. ती हुंदके देत होती. "ताई, आत्याबाईंनी मला एक शबूद न्हाई बोलला. वराडल्या असत्या तर बरं झालं असतं. च्या सुदीक स्वतःच करून पित्यात." मी तिला म्हटलं, रडू नकोस, माझ्याकडं कुंड्यांत लावलंय, त्यातली रोपं देते. आणि खरंच मी रोज कुंड्यांत डोकावत होते. पंधरा दिवस गेले, महिना गेला. ढिम्म! एक कोंब वर यायला तयार नाही. मी माती बदलली, कुंड्या उन्हात सरकवल्या, शिपायावर उगाच खेकसले. मग एकदा वर्गात शिकवता शिकवता, खडू हातात असताना माझं मलाच वाक्य ऐकू आलं: काही शेंगवर्गीय बियांचं आवरण इतकं कठीण असतं, की ते घासल्याशिवाय किंवा उष्णता दिल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. कप्पाळ माझं! पंचवीस वर्षं हे वाक्य पोरांच्या वहीत उतरवलं आणि स्वतः बिया तशाच मातीत खुपसून बसले. उकरून बघितलं तर एकही बी हाती लागेना; माती बदलताना जुन्या मातीबरोबर फेकल्या गेल्या असणार.

म्हणजे दोन्हीकडचं बी संपलं. मामीला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं मी मार्गासनीला जाणंच टाळत होते. शेवटी लावणीला तिनंच बोलावलं, "माणूस कमी हाय, ये." भोरहून चेलाडी फाटा, तिथून वेल्ह्याची एसटी. सगळ्या खाचरांत पाणी, गुंजवणी नदी लाल होऊन वाहत होती. राबातली रोपं उपटून मुठी बांधायचं काम चाललेलं. मी लुगड्याचा ओचा खोचून वाकले खरी, पण रोपापेक्षा चिखलच जास्त उपटत होते. मामा लांबून म्हणाले, "मास्तरीनबाय, माती ठिवा जरा शेताला!"

रेखा माझ्या शेजारी होती. तिनं भाताच्या दाटीतून एक वेगळंच रोप ओढलं आणि माझ्यापुढं धरलं. "ताई, ह्ये काय असंल?"

मी वरवर बघितलं. पावसात रानभर टाकळा उगवतो, त्याचीही पानं जोडीजोडीनं असतात. "टाकळा आहे, फेक," मी म्हटलं. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, ही एक सबब. खरी गोष्ट अशी, की मला बघायचीच गरज वाटली नाही.

मामी पलीकडून आली. तिनं रेखाच्या हातून ते रोप घेतलं. एक पान तोडून दोन बोटांत चुरगळलं, हुंगलं आणि डोक्यावरच्या इरल्याच्या कडेला ते बोट पुसून ठेवलं. "टाकळ्याचा वास मला कळतो," एवढंच म्हणाली आणि परत मुठी बांधायला लागली. दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा तिनं ते इरलं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. हिरवा डाग पार बदलला होता. मळकट, काळपट, पण निळा. मी भाकरी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

राबाच्या जाळानं जे केलं ते मी करायला विसरले होते. वरच्या शेंगांची राख झाली असणार, पण मातीखाली गेलेल्या थोड्या बियांना बेताची आच लागली, कवच तडकलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं. मी हे सगळं मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होते आणि मामी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी रेखीनं बी पेरलं म्हन की." बोलली माझ्याशीच, रेखाकडं बघितलंसुद्धा नाही. पण रेखानं ते ऐकलं आणि खाली मान घालून भाकरीचे तुकडे करत बसली.

उरलेला राब आम्ही डोळ्यांत तेल घालून चाळला. अकरा रोपं मिळाली. मातीच्या गोळ्यासकट ती परसात, उताराच्या जागी लावली. दोन मेली. नऊ जगली.

त्या नऊ झाडांच्या मी अक्षरशः प्रेमात पडले. दर रविवारी एसटीनं जायचं, ओलं व्हायचं, आणि परसात उकिडवं बसून राहायचं. पुस्तकातल्या चार ओळी किती कंजूष होत्या ते तिथं कळलं. एका दांडीला दोन्ही बाजूंनी लहान लहान पानांच्या जोड्या आणि शेंड्याला एक पान एकटंच. दिवस कलला की सगळ्या जोड्या मिटून खाली वळायच्या, जणू दुकान आवरलं. मेलेलं एक रोप मुळासकट बघितलं, तर मुळांवर बारीक गाठी. हवेतला नत्र धरून मातीला देणाऱ्या. म्हणजे स्वतः मरतानाही जमिनीला काहीतरी ठेवून गेलेलं. आणि अंगात निळं कुठंही नाही! खोड तपकिरी, पान हिरवं, फूल येईल तेही गुलाबी. ज्याच्यासाठी हे झाड जगभर लोकांनी शोधलं, त्याचा एक ठिपकासुद्धा ते बाहेर दिसू देत नाही. इतकं मोठं गुपित पोटात ठेवून शांत उभं राहणं मला तरी जमलं नसतं.

पण पाऊस वेल्ह्याचा. या झाडाला ऊन हवं आणि पायाशी पाणी नको. श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही. मामी दिवसातून दहा वेळा परसात जाऊन चर मोकळे करायची. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन असे. तिथून परत आली की आधी झाडांकडं, मग चुलीकडं. एका रविवारी गेले तर नऊही झाडांवर मामांचा जुना ड्रायव्हरचा रेनकोट, खताची पोती आणि रेखाची छत्री असं छप्पर घातलेलं. मामा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्तीनंतरही तो रेनकोट कुणाला हात लावू देत नसत. ते म्हणाले, "काय सांगू, माझ्यापरीस झाडाची सर्दी म्होटी."

सुमनबाई अधूनमधून परसाच्या कुडापाशी येऊन बघून जायच्या. "झेंडा वाढला का गं?" मामी चर उकरतच राहायची. रात्री मला म्हणायची, "शोभे, जमलं न्हाई तर मला त्या विहारात बसवायचं न्हाई गं." एरवी कुणाला न बधणारी बाई, पण शब्दाचं तिला फार. त्या वेळी मला शेंगा आणल्याचा पश्चात्ताप व्हायचा.

भाद्रपदात पाऊस उघडला आणि झाडांनी एकदम अंग धरलं. कमरेएवढी झाली. पानांच्या बेचक्यात गुलाबी कळ्यांचे इवलेसे तुरे दिसायला लागले. हीच वेळ. फुलं धरता धरता पानात सगळ्यात जास्त रंग असतो, नंतर झाडाचा जीव शेंगांत जातो. मी मामीला सांगितलं, नऊच्या नऊ आता छाटायची. तरी झेंडा जेमतेम होईल.

मामी विळा घेऊन निघाली. आधी सगळ्या झाडांभोवती फिरली. मग सगळ्यात भरदार चार झाडं निवडली आणि प्रत्येकाला पदराच्या काठाची चिंधी बांधली. "ही न्हाई तोडायची."

"अगं, पण हीच तर चांगली आहेत!"

"म्हनूनच. बी चांगल्याचंच धरत्यात. नाचनीचं कनीस बी कापायच्या आदी बियाचं वायलं काडतो आमी, अन् मंग बाकीच्याला इळा."

मी हिशेब मांडून सांगितलं, की पाच किरकोळ झाडांत झेंडा होणार नाही, फार तर हातरुमाल होईल. शब्द तुझा, हसं तुझं होईल. तिनं चिंध्यांच्या गाठी परत एकदा आवळल्या. मग म्हणाली, "व्हईल तेवडा व्हईल," आणि पहिल्या बारक्या झाडाला विळा लावला.

पाला ताजाच पाण्यात घालावा लागतो, ढीग करून ठेवला की तापतो आणि रंग जातो. मोठ्या पातेल्यात फांद्या दाबल्या, वर दगड, वर पाणी. मी घड्याळ बघून म्हटलं, बारा तास. मामी म्हणाली, "आंबील काय घड्याळावर आंबते व्हय? गारठा किती हाय बग." बारा तास झाले, पाणी पाण्यासारखंच. मी घाईला आले, आता काढ म्हणून मागं लागले. तिनं झाकण उचलून हुंगलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वास सुटला. मामा ताट घेऊन ओसरीवरून रस्त्यावर जाऊन बसले. पाणी पिवळट हिरवं, वर तांबूस साय, बारीक बुडबुडे. "आता आली," मामी म्हणाली. नुसत्या नाकावर! माझं पुस्तक तिथं थिटं पडलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

पाला काढून टाकला. मामांच्या चंचीतला पानाचा चुना कालवला. मग मामीनं ताकाची रवी काढली. ती आणि रेखा समोरासमोर बसून दोरी ओढायला लागल्या. एकमेकींशी अक्षर न बोलता, घुसळ घुसळ. फेस आधी पांढरा, मग हिरवट. आणि मग बघता बघता निळा! हवा लागावी आणि रंगानं एकदम डोळे उघडावेत. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. पाणी निवळल्यावर तळाशी गाळ राहिला, तो धोतराच्या फडक्यातून गाळला. पाच झाडं, सगळा पावसाळा आणि हातात अर्धी वाटी लगदा.

सुमनबाई बघायला आल्या. वाटीत डोकावल्या आणि या वेळी हसल्या नाहीत. उलट जवळ बसून हळूच म्हणाल्या, "गया, बाजारातली रंगाची पुडी मिळती. त्यात जरा मिसळ, झेंडा व्हईल म्होटा. कुनाला कळायचं न्हाई." त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं.

"मला कळंल की," मामी म्हणाली.

गूळ, चुना आणि तो लगदा गरम पाण्यात घालून मडकं चुलीच्या उबेला तीन दिवस ठेवलं. पांढरं सुती कापड कापलं, हातरुमालाहून बोटभर मोठं. मामीनं ते मडक्यात सोडलं आणि म्हणाली, "रेखे, तू काड." तीन-साडेतीन महिन्यांत तिनं सुनेला हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

रेखानं कापड वर उचललं. ते पिवळं होतं. हिरवट पिवळं, शेवाळलेलं. रेखाचा चेहरा पडला. "आत्याबाई, ग्येला वो रंग... माझ्याच हातानं ग्येला." तिला रडूच फुटलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण मामीनं मला हातानं थांबवलं. तिनं रेखाचा हात कापडासकट वर धरला, दारातल्या वाऱ्यावर. "रडू नगं. बग." कडेकडेनं हिरवं झालं. मग मधे. मग सगळ्या कापडातून निळं असं वर आलं, की रेखाचे हुंदके थांबले. दोघींचे हात कोपरापर्यंत निळे. मामीनं त्याच हातानं तिचे डोळे पुसले आणि गालांवर दोन निळे पट्टे उमटले. मी हसत होते, रडतही होते. खरं तर रडतच जास्त होते. त्या दिवशी पाच वेळा बुडवलं आणि पाच वेळा वाऱ्यावर धरलं. दर वेळी निळा आणखी गडद होत गेला.

परवा वर्गात मी नीळ शिकवायला घेतली. दोन मार्कांच्या प्रश्नाला सबंध तास घालवला. मुली घड्याळाकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, हे सगळं परीक्षेला आहे का?" नाही, म्हटलं. मग तिनं वही मिटली आणि ऐकत बसली.

त्या वर्षीच्या आश्विन पौर्णिमेला विहारासमोर सगळं गाव जमलं. सुमनबाईंनी पुण्याहून मोठा झेंडा आणूनच ठेवला होता, घडी करून पिशवीत. मामी पांढऱ्या लुगड्यात, हातात ते एवढंसं कापड. ओळीतून पुढं जाताना बायकांत कुजबूज झाली, ती तिला ऐकू गेली असणार, कारण कान लाल झाले होते. ती बांबूपाशी गेली. कापड दोरीला बांधलं आणि दोरी रेखाच्या हातात दिली. रेखानं सासूकडं एकदा बघून दोरी ओढली. उंच बांबूच्या शेंड्यावर तो रुमालाएवढा निळा झेंडा चढला आणि फडफडायला लागला. खालून सगळे माना वर करून, डोळ्यांवर हात धरून बघत होते. पिशवीतला झेंडा काढावा की नाही, या घोटाळ्यात सुमनबाई तशाच उभ्या होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गया, खालनं दिसत बी न्हाई गं नीट."

मामीनं वर बघतच उत्तर दिलं.

"दिसंल की. चार झाडं बियाला ठिवल्यात म्या."